दसऱ्याला जागेवरून उठवलेली पेटी

माझं माहेर खाप्याचं. वडील विणकर. दसऱ्याला हातमागाला झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू लावायचं आणि दिवसभर माग बंद. अवजारालाही एक दिवस सुट्टी. मी चौथीपर्यंत शिकले, पण दसरा मला शाळेपेक्षा जास्त कळला.

आता आम्ही हुडकेश्वरला राहतो. मुलगा खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कारकून आहे, सून घरी बसून घरांचे नकाशे काढते. घरात माग नाही, पण डब्याएवढी एक काळी पेटी आहे. नकाशे, फोटो, सिनेमे, सगळं तिच्यात. ज्याने त्याने आपापल्या कॉम्प्युटरवरून वायफायने आपलं काढून पाहायचं. म्हणजे हेच आमचं अवजार.

गेल्या दसऱ्याला मुलाने पेटीच्या आणि वायफायच्या राऊटरच्या वायरी काढून दोघांना पाटावर बसवलं. मी कुंकू लावलं, त्याने नारळ फोडला. दिवसभर दोघं पाटावरच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने राऊटर आधी लावला. मी लगेच टीव्ही लावला, तोही वायफायवरच चालतो, माझी मालिका होती. पेटी मागून लागली.

सुनेला बारा वाजायच्या आत एक नकाशा पाठवायचा होता. तिच्या एकटीच्या नावावर मिळालेलं पहिलंच काम. लेआउटमधल्या प्लॉटवर मिस्त्री आखणीचा चुना घेऊन खोळंबले होते, आणि ठेकेदार फोनवर सांगून मोकळा झाला होता की नकाशा आला नाही तर तो दुसऱ्याकडून काढून घेईल.

"अहो, पेटी सापडून नाही राहिली," सून म्हणाली.

मुलाने पेटीकडे पाहिलं. "दिवा तर लागून राहिला." मग माझ्याकडे पाहिलं. "आई, तू कुंकू कुठं लावलं होतं?"

"कपाळाले."

"पेटीले कपाळ असते काय?"

"समोरची बाजू म्हणजे कपाळ. पाठीले लावू काय?"

"आत गेलं असन ते." तो दात घासायचा ब्रश घेऊन पेटीच्या फटी झाडत बसला. फुंकरही मारली.

"इतक्या वर्षांत कुंकवानं माणूस मेला नाही," मी म्हटलं, "पेटी काहून मरन गा?"

सून आमच्या भांडणात पडली नाही. ती कॉम्प्युटरवर राऊटरचं पान उघडून काहीतरी वाचत होती. वाचता वाचता हसली.

"आई, तुमच्या टीव्हीनं पेटीचा नंबर घेतला."

तिने समजावलं ते मला असं समजलं. राऊटर म्हणजे लॉजचा मॅनेजर. घरातल्या प्रत्येक यंत्राला तो खोलीचा नंबर देतो. त्याला दिवसभर बंद ठेवल्यावर तो जुनं विसरला, आणि सकाळी जो आधी आला त्याला जी हाती लागली ती चावी दिली. पेटीच्या खोलीत माझी मालिका जाऊन बसली. पेटी शेजारच्या खोलीत, आणि कॉम्प्युटर जुनंच दार वाजवत होता.

"मग कुंकू निर्दोष सुटलं ना?" मी विचारलं. मुलाने ब्रश खिशात घातला.

सुनेने नवा नंबर सांगितला आणि मुलाने घाईने तिच्याच कॉम्प्युटरवर तो टाकला, पेटीने विचारलेलं नाव आणि पासवर्डही. पेटी सापडली, पण नकाशांचं फोल्डर उघडेना. परवानगी नाही, असं यायचं.

"पेटी मी आणली, अन् मलेच परवानगी नाही?"

"नाव कोणाचं टाकलं तुम्ही?"

"माझं."

"ज्याचं फोल्डर त्याच्याच नावानं उघडन, हे कुलूप कोणी लावलं होतं?"

कुलूप त्यानेच लावलं होतं. त्याच्या नोकरीचे कागद कोणी चुकून पुसू नयेत म्हणून.

"सरक गा," मी म्हटलं, "जिचं आहे तिले उघडू दे."

सुनेने आपलं नाव, आपला पासवर्ड टाकला. फोल्डर उघडलं. नकाशा गेला, बाराच्या आतच. थोड्या वेळाने ठेकेदाराचा फोन आला, जिना डावीकडून की उजवीकडून म्हणून. काम तिच्याकडेच राहिलं होतं.

मग मुलाने राऊटरमध्ये पेटीचा नंबर कायमचा बांधून टाकला. मी त्याला सांगितलं, "खाप्याले माग जमिनीत पक्का बसवलेला होता. पूजेसाठी कोणी त्याले उचलून पाटावर नेलं नाही. आता पेटीची पूजा जागेवरच. वायर काढायची नाही."

"मग तिची सुट्टी?"

"सुट्टी तुमी घ्या. तिले चालू राहू द्या."

"अन् कुंकू?" सुनेने विचारलं.

"ते लागन वं. कपाळालेच."