आकाशातून पडलेला हातोडा

माझा मेव्हणा चांगला माणूस आहे असं सगळे म्हणतात. मीही म्हटलं असतं, पण त्यानं माझी उल्का भट्टीत घातली.

आम्ही विट्याकडचे. जुनं सोनं आटवून शुद्ध करायचं, हा आमच्याकडच्या निम्म्या पोरांचा धंदा. मीही तसाच कोईमतूरला गेलो, दुसऱ्याच्या भट्टीपुढं बसून शिकलो आणि शेवटी स्वतःची भट्टी घातली. तिथं एका गिऱ्हाइकानं भारी धातू समजून एक काळा, जड तुकडा आणला. आमच्या लोकांचा हात कसा आहे, काहीही मिळालं की आधी घासायचं आणि वर नायट्रिक ॲसिड लावायचं. तसं लावलं, तर घासलेल्या जागेवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा उमटल्या. कुणी आखून दिल्यासारख्या. पुढं चौकशी केल्यावर कळलं की ही लोखंडी उल्का आहे, आणि आकाशात लाखो वर्षं सावकाश निवल्याशिवाय अशा रेघा येत नाहीत. घासाघीस करून मी तो तुकडा ठेवून घेतला.

दुकान मेव्हण्याच्या हवाली करून गावी परतलो, तेव्हा तुकडा तिथंच राहिला. आत काय आहे ते बघू म्हणून यानं तो भट्टीत लालबुंद केला. वितळला नाही, पण रेघा कायमच्या गेल्या. वर मला फोनवर म्हणतो, "दाजी, वजन तेवढंच हाय की!" तेव्हापासून मी त्याच्या घरी जेवलेलो नाही. जत्रेलासुद्धा नाही.

नंतर मी परदेशातून तुकडे मागवले. कपाट भरलं, पण मन भरेना. ते कधी पडले, कुणी पाहिले, काही पत्ता नाही. मला एक तरी असा हवा होता, जो पडताना आपल्या माणसानं पाहिला आहे.

म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळात एकानं सांगितलं की जवळच्या वस्तीवर एका मेंढपाळाकडं आभाळातून पडलेला गोळा आहे. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, गाडी चालवायची नाही. बायकोनं मुद्दाम, सुट्टीला गावी आलेल्या तिच्या भावालाच बोलावलं. मी मागच्या सीटवर जाऊन बसलो.

वस्तीवर म्हातारा-म्हातारी होती, मेंढरं पोरांबरोबर रानात. गोळा अंगणातच पडला होता, लहान नारळाएवढा, एका बाजूला टोक आलेला. मेंढरांभोवती संध्याकाळी जाळी बांधतात, ती वाघर. तिच्या मेखा हा माणूस आयुष्यभर त्या गोळ्यानं ठोकत आला होता! म्हणाला, "माझ्या बापानं डोळ्यानं बघितलं. भर दुपारी जाळ आला, धाडकन आवाज झाला, मेंढरं तीन गावं पळाली."

मला हवा होता तो हाच. पण सौदा करताना तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. मी गोळा पायानं ढकलून म्हणालो, "भंगार दिसतंय."

"भंगारासाठी इट्यास्नं आलाय व्हय?"

"दर बोला."

"इकायचा न्हाई. सांजंला मेखा काय डोक्यानं ठोकू?"

मी भडकलो. नको तेवढं बोललो आणि तरातरा जाऊन गाडीत बसलो. उठून गेलं की समोरचा हाक मारतो, हा माझा हमखास डाव. कुणी हाक मारली नाही. मेव्हणा मात्र म्हाताऱ्याशेजारी बसून हातवारे करत काहीतरी सांगत होता. दोघं हसत सुटले, म्हातारीनं तर पदर तोंडाला लावला. मग म्हातारा ओरडला, "आवं दाजी, या हिकडं! तुमच्या तुकड्याची तर भाजी करून टाकली म्हणं पाव्हण्यानं!"

माझंच दुःख विकून त्यानं सौदा जमवला होता. टोकाचा एक काप घ्यायचा, पण कापायचा इथंच, डोळ्यांदेखत, आणि मेंढरं यायच्या आत.

लोखंड कापायची करवत मी बरोबर नेलीच होती. आळीपाळीनं कापत बसलो. पाती मोडली, घाम गळला. "दाजी, सरळ धरा!" "तू मला शिकवू नगंस!" अखेर काप सुटला. पॉलिश पेपरनं घासला आणि कुपीतून आणलेलं पातळ नायट्रिक जपून लावलं. रेघा वर आल्या.

म्हातारा वाकून बघतच राहिला. "आगं ये, हितं बघ. ही तर वाघर हाय!"

म्हातारीनं काप पाण्यानं धुतला, पदरानं पुसला आणि आत नेऊन देवापुढं ठेवला. बाहेर येऊन म्हणाली, "देवाची वाघर हाय ती. द्यायची न्हाई."

मी ओरडायला तोंड उघडलं, तोच मेव्हण्यानं माझा हात दाबला. म्हातारी पुढं म्हणाली, "त्यो राहिल्याला गोळा न्या की. पर मेंढरं यायच्या आत नवा हातोडा पायजे."

काप तिला, अख्खा गोळा मला! आयुष्यात इतका चांगला सौदा मी स्वतः कधी केला नव्हता. मेव्हणा म्हसवडला पळाला आणि हातोडा घेऊन आला. म्हाताऱ्यानं एक मेख ठोकून बघितली. "जड हाय, पर चालंल."

मग कपाटातल्या चिठ्ठीवर लिहायला म्हणून मी विचारलं, नेमका पडला कुठं?

म्हाताऱ्यानं काठीनं टेकाड दाखवलं. म्हातारी उसळली, "तितं न्हवं! तुमी तवा पाळण्यात व्हता. मामंजी मला सांगायचे, वढ्याच्या काठाला."

"माझा बाप का तुजा?"

"जेवायला वाढताना मलाच सांगायचे."

दोघांचे हात दोन दिशांना. मेंढरांची धूळ दिसू लागली होती.

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "जवळची जागा घ्या आन् चला."

मी त्याच्याकडं एकदा रागानं बघितलं, गोळा काखेत घट्ट धरला, आधी टेकाडावर जाऊन उभा राहिलो आणि मग ओढ्याच्या काठावर. दोन्ही जागा घेतल्या.