चित्रकथांच्या ट्रंकांची चोरी

इतकी वर्षं झाली, तरी ते प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, भर बाजारातून बैलजोडी पळवणारा पठ्ठ्याही पकडला. पण सगळ्यात चक्रावून टाकणारी केस कोणती, असं कुणी विचारलं तर मी पोरांच्या चित्रांच्या पुस्तकांची सांगतो. ऐकणारा हसतो. हसू द्या.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. उस्मानाबादहून कागदांचे गठ्ठे येत, पण ते ठेवायला आमच्याकडे कपाटं नव्हती. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, खुर्च्या कमी आणि वरिष्ठांच्या अपेक्षा भरपूर. त्यात दुष्काळ. ठाण्यात येणारी बहुतेक भांडणं टँकरच्या रांगेतली असायची. घागर पुढे सरकवली म्हणून डोकी फुटायची. लॉकअपमधला माठ भरायचा तर आमच्या हवालदाराला आधी हापशावर जाऊन उभं राहावं लागे.

हा हवालदार नांदेड जिल्ह्यातला, किनवटकडच्या इस्लापूरचा. गावाजवळ सहस्रकुंडाचा धबधबा. त्यामुळे पाण्याचा विषय निघाला की हा सुरू. "आमच्याकडं पाणी कड्यावरून कोसळून राहिलं, अन् इथं तुम्ही तांब्यासाठी भांडून राहिले!" ठाणे अंमलदार त्याला लगेच डिवचायचा, "यंदा तुमचा धबधबा बी वाळलाय म्हणं. खडक मोजून या एकदा."

अशाच एका सकाळी बसस्टँडजवळचा चहावाला माझ्याकडे आला. हा आमचा जुना खबऱ्या. म्हणाला, "साहेब, लॉजवर एक माणूस उतरलाय. कपडे झ्याक, बोलणं गोड. पोरांची चित्रांची पुस्तकं इकत घेतोय, रोख पैशानं. लोकाला प्यायला पाणी न्हाई अन् ह्याला पुस्तकं! काहीतरी काळंबेरं हाय."

मला वाटलं, खोट्या नोटा खपवणारा असेल. माणूस नजरेखाली ठेवायला सांगितला. दुसऱ्याच दिवशी एक दुकानदार फिर्याद घेऊन हजर झाला. पस्तिशीचा, कपाळावर भस्म, बाजारपेठेत भुसार मालाचं दुकान. ओळखीचा होता. आल्या आल्या लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे "शरणार्थी साहेब" असा नमस्कार केला आणि खुर्चीत कोसळला.

त्याच्या घरात चित्रकथांच्या ट्रंका होत्या. कॉमिक म्हणतात ती पुस्तकं. मराठी, हिंदी, इंग्रजी. पुराणातल्या गोष्टी, राजे, जादूगार, अंतराळात उडणारे वीर, सगळं काही. लॉजवरचा तो व्यापारी हा सगळा माल एकगठ्ठा घ्यायला तयार झाला होता. भाव ठरला, विसार दिला गेला. दुकानदाराला त्या पैशातून घरामागे बोअर पाडायचा होता. माल न्यायच्या दिवशी ट्रंका उघडल्या तर आत एक पुस्तक नाही.

"त्या लॉजवाल्यानंच नेलं असंल साहेब. त्यालाच ठावं होतं काय माल हाय ते."

फिर्याद नोंदवली. कलम ३८०, घरातली चोरी. आणि त्या व्यापाऱ्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

खोलीची झडती घेतली. पिशवीत निघालं ते असं: एक भिंग, एक मऊ ब्रश, पातळ कागद आणि दुसरीकडे घेतलेली पाच-सहा पुस्तकं. चोरीचा माल नव्हता. माणूस मूळचा नांदेडचा, आता हैदराबादेत धंदा करणारा. ठाण्यात बसूनही त्याच्या इस्त्रीला सुरकुती नव्हती.

"या वयात ही वाचता?" मी विचारलं.

"वाचत नाही साहेब, खरीदतो आणि विकतो. बड्या शहरांत शौकीन लोक आहेत."

"पोरांच्या पुस्तकांचे?"

"पोरं मोठी होतात ना साहेब. मग लहानपणी हरवलेलं परत पाहिजे असतं. त्याला किंमत देतात."

हे मला नवीन होतं. घरी माझी मुलं अशी पुस्तकं वाचायची आणि फाटली की बंबात जायची. मी त्याच्यापुढे एक पुस्तक टाकलं. म्हटलं, "कर बघू याची किंमत."

गड्याची कळी खुलली. त्याने आधी पुस्तक नाकाशी धरलं. मग पिना पाहिल्या, गंजल्यात का. मधलं पान जागेवर आहे का. मागच्या पानावरचं कोडं सोडवलंय का, आणि सोडवलं असेल तर पेनानं की शिसपेन्सिलीनं. मग म्हणाला, "उन्हात पडलं की लाल रंग पहिला उडतो. मुंबईच्या मालाला बुरशी लागते. तुमच्या मुलखात हवा कोरडी, कागद खणखणीत राहतो. दुष्काळाचा एवढाच फायदा म्हणा."

"आणि त्या घरातला माल कसा होता?"

तो पुढे सरकला. "साहेब, असा माल मी जिंदगीत पाहिला नाही. अर्धा एकदम कोरा, अर्धा पार झिजलेला. पण झिजलेल्यातसुद्धा एक पान दुमडलेलं नाही. शेकडो हातांतून गेलेली पुस्तकं अशी राहत नाहीत. कुणीतरी जीव लावलाय त्यांना."

"भाव कुणाशी बोललात?"

"मालकाशी. त्यांनी घासाघीसच केली नाही. पहिल्या आकड्याला हो म्हणाले."

"म्हणजे तुम्ही कमीच सांगितला होता."

"धंदा आहे साहेब," तो हसत म्हणाला. "त्यांची बहीण होती तिथं, दाराआड बसलेली. पण त्या काही बोलल्या नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही."

माणूस लबाड होता, पण चोर वाटेना. लॉजच्या मॅनेजरनेही सांगितलं की सौदा झाल्यापासून त्याच्या खोलीवर सामान आलं नाही की गेलं नाही. मी त्याला गाव सोडू नको म्हणून बजावलं आणि पंचनाम्याला गेलो.

ट्रंकांची कुलुपं शाबूत होती. कडी तुटली नव्हती, कौल हललं नव्हतं. किल्ली बहिणीच्या कमरेला. ही त्याची थोरली बहीण, चाळिशीची. लहानपणी पोलिओनं पाय गेलेला, लग्न झालं नाही. वडील डाळीचे व्यापारी होते. मालाच्या निमित्ताने मुंबई-हैदराबाद करायचे आणि येताना पुस्तकं आणायचे. वडील गेल्यावर अक्काने रस्त्याकडच्या खिडकीत लायब्ररी काढली. गल्लीतली पोरं एक दिवसाच्या भाड्याने पुस्तक न्यायची. तिचं जग म्हणजे ती खिडकी. पेठेत सगळे तिला ओळखत ते लायब्ररीवाली अक्का म्हणून.

"अक्का, पुस्तकं कुठं गेली?" मी विचारलं.

"पोलीस तुम्ही हाव, साहेब. हुडका." बाईचा आवाज खणखणीत. घरात चोरी झालेली माणसं रडतात, नाहीतर भांडतात. ही बाई पायावर पांघरूण ओढून शेंगा सोलत होती.

मी तोंड धुवायला पाणी मागितलं. भावजय तांब्या घेऊन आली. ओसरीवर रांजण होता, काठोकाठ भरलेला. मी विचारलं, "टँकर आला होता वाटतं?"

"कुठला साहेब! आठवडा झाला, फिरकला न्हाई."

"मग एवढं पाणी कुणी भरलं?"

ती गोंधळली. अक्काकडे बघून म्हणाली, "पोरं आणत्यात. लायब्ररीचं भाडं."

तेव्हा कळलं. दुष्काळ पडल्यावर अक्काने पैसे घेणं बंद केलं होतं. तिला रांगेत उभं राहता येत नव्हतं आणि भावजय एकटी किती खेपा घालणार? म्हणून ज्याला पुस्तक हवं त्याने तांब्या, बरणी, कळशी, जमेल ते भरून आणायचं. आयाबायाही खूश होत्या, कारण उन्हाची पोरं घरात गप्प वाचत बसायची. मला मोठं कौतुक वाटलं. पण ठाण्यात परत येताना माझ्या मनात एक गोष्ट टोचायला लागली. पुस्तकं चोरीला गेली म्हणजे लायब्ररी बंद. मग रांजण भरलेला कसा?

दुसऱ्या दिवशी दुपारी साध्या कपड्यांत समोरच्या शिंप्याकडे जाऊन बसलो. थोड्याच वेळात पोरं यायला लागली. एक बरणी घेऊन, एक डबा घेऊन. निमूट ओसरीवर चढायची, रांजणात पाणी ओतायची, निघून जायची. पुस्तक कुणी मागत नव्हतं. मी दोन वेण्यांच्या एका मुलीला थांबवलं.

"काय गं, पुस्तकं तर चोरीला गेली. मग पाणी कशाला घालतेस?"

"रोजचं भाडं असतंय की," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. हातातला तांब्या छातीशी धरून माझ्याकडे अशी बघायला लागली की मलाच गुन्हेगार असल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "जा, घरी जा." ती धूम पळाली.

चोरी उघडकीला आली होती. पुस्तकं पोरांच्या घरी होती. अक्काने सगळ्यांना तोंड उघडायचं नाही असं बजावलं होतं आणि एकानेही उघडलं नव्हतं. पण पुस्तक घरात आहे तोवर रोजचं पाणी द्यायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. फुकट वाचायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही!

मी तसाच ओसरीवर चढलो. अक्काने खिडकीतून सगळं पाहिलं होतं.

"पोरीला रागावू नका साहेब. मीच सांगितलं होतं तिला गप राहा म्हणून. पाणी आणू नका म्हणायचं तेवढं राह्यलं."

"अक्का, हा चोरीचा गुन्हा आहे."

"चोरी कशाची? वाचाया दिल्यात. लायब्ररी हाय माझी."

"परत कधी येणार?"

"मी सांगंन तवा."

मला हसू आवरेना. मग विचारलं, "भावाला सरळ नाही का म्हणायचं?"

तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. पहिल्यांदाच तिचा आवाज बसला. "त्यानं मला इचारलं का साहेब? सौदा झाला, इसार घेतला, अन् मग बायकोला पाठिवलं किल्ली आणाया. मी काय ट्रंकंतली वस्तू हाव का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाला आणि त्या व्यापाऱ्याला ओसरीवरच बोलावलं. अक्काने पोरांना सांगावा धाडला होता. मुद्देमाल समक्ष पाहिल्याशिवाय मला कोर्टात समरी, म्हणजे केस बंद करायचा अहवाल, पाठवता येणार नव्हती. पोरं एकामागून एक येत होती आणि पुस्तकं ठेवत होती. अक्का नुसती बघून "ते घोड्याचं राह्यलं रे तुझ्याकडं" असं सांगत होती. एकही पुस्तक कमी भरलं नाही. आमचा हवालदार पंचनाम्याचं पॅड मांडीवर ठेवून एका राक्षसाच्या गोष्टीत बुडाला होता. त्याला दोनदा हाक मारावी लागली.

भाऊ मात्र भडकला. "बाप माझा, घर माझं, ट्रंका माझ्या! बोअर काय मी एकट्यासाठी पाडतोय? हिलाच पाणी मिळावं म्हणून जीव जाळतोय न्हवं?"

तेही खोटं नव्हतं. मी शांतपणे विचारलं, "वडील ही पुस्तकं कुणासाठी आणायचे?"

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "अक्कासाठीच."

"मग स्वतःचीच वस्तू स्वतः वाचायला दिली तर कायद्यात चोरी होत नाही. गैरसमजुतीची फिर्याद म्हणून सी समरी पाठवतो."

इतका वेळ दाराशी उभी असलेली भावजय पदर सावरत पुढे आली. नवऱ्याला म्हणाली, "बोअरला पाणी लागंलच कशावरून? शेजारच्यांच्यात नुसता फुफाटा निघाला. ही पुस्तकं तर रोज पाणी देतायत." नवऱ्यापुढे एवढं बोलायची तिची पहिलीच वेळ असावी. बोलून झाल्यावर ती स्वतःच घाबरली.

व्यापारी उठायला लागला. सौदा मोडला असं त्याने धरलं होतं. पण अक्काच म्हणाली, "थांबा की. मी इकणार न्हाई असं म्हणले का?"

आम्ही सगळे चकित. तिने सगळा ढीग पुढ्यात ओढला आणि दोन भाग करायला घेतले. झिजलेली, पोरांच्या हातांनी मऊ पडलेली पुस्तकं आपल्या मांडीकडे. कोरी, बहुतेक इंग्रजी, ती व्यापाऱ्याकडे. "ह्यांना एक पोरगं हात लावीत न्हाई. समजतच न्हाईत. ही न्या."

व्यापाऱ्याने लगेच त्या पुस्तकांवर हात ठेवला. त्याला हवी होती ती नेमकी हीच. सगळ्या ढिगासाठी आधी बोललेला आकडाच त्याने आता या अर्ध्यासाठी सांगितला.

अक्का त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "ह्या पुस्तकांवरनं तुमचा हात निघंना झालाय. त्यावरनंच कळालं काय भाव हाय ते. वाढवा."

मग जी घासाघीस झाली ती आम्ही सगळ्यांनी चहा पीत पाहिली. तो उसासे टाकायचा, ती शेंगा सोलायची. शेवटी आकडा बराच वर गेला आणि त्याने कपाळाचा घाम पुसला. पैसे काढले आणि सवयीने भावापुढे धरले.

अक्काचा हात सुपातच थांबला. भावाने नोटांकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि व्यापाऱ्याचा हात हलकेच बाजूला सारला. "तिला द्या. तिचं हाय ते."

अक्काने पैसे घेतले आणि पदराखाली ठेवले. मग भावाला म्हणाली, "आता माग."

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. मोठा दुकानदार, पेठेत वट असलेला माणूस. "अक्का, बोअरला पैसे पायजेत. देतीस का?"

"देते की," ती म्हणाली आणि सगळी रक्कम त्याच्या ओंजळीत ठेवली. मग दोघंही रडायला लागली. हवालदार तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसला.

पुढे नोकरीत भावाबहिणींच्या, भावाभावांच्या पुष्कळ फिर्यादी माझ्यापुढे आल्या. बांधाच्या, दागिन्यांच्या, घराच्या. वस्तू कुणी नेली हे मी शोधायचोच, पण त्याआधी दोघांना समोरासमोर बसवून एक प्रश्न विचारायचो: तुम्ही यांना विचारलं होतं का? कितीतरी प्रकरणं त्या प्रश्नापाशीच मिटली. जी मिटली नाहीत, त्यातही वस्तू मोठी नव्हतीच. आपल्याला कुणी माणसात धरलं नाही, एवढंच त्या माणसाला सांगायचं होतं, आणि ते सांगायला त्याला पोलीस ठाण्याशिवाय जागा उरली नव्हती.