दादा वर गेला त्या वाटेने

नाणेघाट चढून जुन्नरला पायी जायचं तर दिवाळी उलटल्यावर जावं, म्हणजे ओढे उतरलेले असतात, आणि सावकाश जावं, असं जाणते सांगतात. मी दिवाळी उलटल्यावर गेलो. सावकाश काही जमलं नाही. तरी वाट, मुक्काम आणि खाण्यापिण्याचं जे ध्यानात राहिलं, ते कुणा जाणाऱ्याच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो.

निघालो तो हौसेने नाही. माझा थोरला भाऊ यशवंतदादा ठाण्याच्या कचेरीतली नक्कलनविशी सोडून, बाबांशी कडाक्याचं भांडून घराबाहेर पडला होता. पुढे त्याचा काही पत्ता नव्हता. एके सकाळी कोलशेतचा हिराजी आमच्या ओटीवर आला. मिठागरावरचं मीठ बैलांवर लादून घाटाच्या पायथ्याला, वैशाखऱ्यापर्यंत पोचवायचं, हे त्याचं काम. बाबांनी विचारलं, "आमचा यशवंत कुठे दिसला का रे?"

"दिसलं ना. वैशाखऱ्याला तापानं पडलं व्हतं," हिराजी म्हणाला. "मंग दादा वर गेलं."

आईने हंबरडा फोडला. हिराजी भांबावून उठला आणि चालता झाला. त्याला गाठायला माणूस धाडला, तोवर तो मिठाचा पडाव घेऊन खाडीतून वसईकडे गेलेला.

आळीतल्या बायका वहिनीच्या बांगड्यांकडे बघू लागल्या. कुणीतरी न्हाव्याचं नावही काढलं. तेव्हा वहिनी दाराआडून मला म्हणाली, "भावोजी, अग्नी कुणी दिला, ते विचारलंत का?"

कुणीच विचारलं नव्हतं. बाबांनी खुंटीवरचं माझं पागोटं काढून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "जा, विचारून ये. तू येईपर्यंत हिच्या कुंकवाला कुणी हात लावणार नाही."

कल्याणपर्यंत आगगाडी आहे, तिथून पुढे आपले पाय. मुरबाडची वाट बैलगाड्यांनी उखणलेली, पण सपाट. मधे नदी उतारावरून ओलांडावी लागते. तिथे जोडे काढून हातात घ्यावेत, ओले जोडे पुढे पाय सोलून काढतात. मी काढले नाहीत, तेवढा वेळ कुणाला होता! मुरबाडची धर्मशाळा बरी आहे, विहीर जवळ आहे, सरपण मात्र आपलं आपण विकत घ्यावं. दशम्या सोबत होत्या, त्या सोडल्याच नाहीत. शेजारी उतरलेला मिरच्यांचा व्यापारी माझी येरझार बघून वैतागला. "अहो, बसा की घटकाभर! डोंगर काय पळून जातोय?"

डोंगर नव्हता पळत, पण आमच्या आळीचा काही भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी वैशाखऱ्याच्या वाटेवर सह्याद्री समोर उभा राहतो. भातं कापून झालेली, खाचरं मोकळी, आणि त्यांच्यापलीकडे तो काळा कडा सरळ आभाळात चढलेला. वर नानाचा अंगठा नावाचा सुळका दिसतो. लोक म्हणतात, इथे थांबून डोळे भरून पाहावं. मला त्या कड्याचा रागच आला.

वैशाखऱ्याला ठकूबाईच्या अंगणात वाटसरू उतरतात. गरम नाचणीची पेज मिळते, अंथरायला पेंढा मिळतो, तक्रारीला जागा नाही. पेज हातात घेतली आणि कसंबसं विचारलं, "मावशी, ठाण्याचे एक गृहस्थ इथे तापाने पडले होते म्हणे?"

"येसवंतराव? व्हते की. ताप उतारला, तशे वर गेले."

"ताप उतरल्यावर? मग गेले कसे?"

"कशे म्हंजी? पायानं!" ती हसायला लागली. "माझा घरधनी बी कालच वर गेलाय, गूळ आणाया. परवा येल."

मी तिच्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू जागच्या जागी होतं. खालच्या सगळ्या गावांना घाटमाथा म्हणजे 'वर', हे मला तिथे, पेज सांडून घेतल्यावर कळलं. मी इतका हसलो आणि इतका रडलो की ठकूबाईने चुलीतला विस्तव आणून माझी दृष्ट काढली.

तरी दादाला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैन पडणार नव्हतं. नाणेघाटाची चढण दगडी पायऱ्यांची आहे, पहाटे लागावं, पाणी वरच्या टाक्यात थंडगार मिळतं. लेण्यात विसावा घ्यावा, भिंतीवरची जुनी अक्षरं पाहावीत. मी ती परत येताना पाहिली. माथ्यावर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे. तिथे वाऱ्याने पागोटं उडालं, ते धरायलाही थांबलो नाही.

जुन्नरला धर्मशाळेत विचारलं, तर त्यांनी कागद बनवणाऱ्यांच्या आळीत धाडलं. दादा कोपरापर्यंत लगद्यात हात घालून हौदाशी उभा होता. जन्मभर दुसऱ्यांचे कागद उतरवून काढण्याचा कंटाळा आला, म्हणून तो आता कागदच करायला शिकत होता.

"अरे, तू इथे?" तो म्हणाला. "हिराजीने निरोप दिला नाही का? मी वर जातोय, घरी सांग, म्हटलं होतं."

"दिला ना," मी म्हणालो. "तू दिलास तसाच दिला."

सगळं ऐकल्यावर तो तिथेच जमिनीवर बसला. हातही न धुता म्हणाला, "चल."

उतार चढणीपेक्षा वाईट. गुडघे बोलतात, काठी हवीच. दादा पुढे आणि मी लंगडत मागे. ठाण्याला पोचलो तेव्हा बाबा ओटीवर होते. ते उठले, दादाच्या खांद्याला हात लावून पाहिला, आणि म्हणाले, "पाय धुवा."

दादा थोड्याच दिवसांत पुन्हा जुन्नरला जाणार, हे जेवताना ठरलं. बाबा नको म्हणाले नाहीत. माझ्या पायांचे फोड अजून पुरते बसलेले नाहीत, तरी त्या कड्याचा राग गेला आहे. आमच्या घरात आता 'वर' हा शब्द कुणी काढत नाही. माळ्यावरचं पातेलं हवं असलं तरी आई नुसतं बोट दाखवते.

एकटी वहिनी तो शब्द बिनदिक्कत बोलते. त्या दिवशी पानावर भात वाढताना, दादाकडे न बघता, ती मला म्हणाली, "भावोजी, सांगा त्यांना. यापुढे वर जायचं, तर दोघांनी जायचं."