तिसऱ्या पानावरची विनंती

दुबईत देऱ्याच्या खाडीकाठी खलफान शेठची पेढी होती. पाणी उपसायचे पंप, लोखंडी पाइप, दोरखंड आणि अलीमियाँ होडेकर एवढा माल तिथे कायम असायचा, बाकीचा येई आणि जाई. रत्नागिरीजवळच्या साखरतरचे अलीमियाँ त्रेपन्न साली इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळायला म्हणून इथे आले. आता चौसष्ट साल उजाडलं होतं आणि पत्रव्यवहार अजून त्यांच्याकडेच होता. त्यांचं इंग्रजी उत्तम होतं, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. ते त्यांनी एका वेळी किती वापरावं, एवढाच काय तो प्रश्न होता.

दोष तसा त्यांचा एकट्याचा नव्हता. साखरतरला पत्र लिहायची एक रीत होती. आधी सलाम. मग इथली सगळी खैरियत सांगायची आणि तिकडची खुदाकडे मागायची. मग घरातल्या थोरांना नावानिशी सलाम, धाकट्यांना दुआ, मग शेजारचं घर, त्यापुढचं घर, कुणाची म्हैस व्यायली, कुणाचं लग्न ठरलं. असं करता करता पान भरलं, की समासातल्या कोऱ्या जागेत, कागद आडवा धरून, बारीक अक्षरात काम लिहायचं. काम आधी लिहिणारा माणूस मतलबी समजला जाई. अलीमियाँ ही रीत ट्रंकेत घालून इथवर घेऊन आले आणि इंग्लंडमधल्या पंपाच्या कारखान्याला त्यांनी तीच लावली.

एकदा पेढीला पंपाचे रबरी वॉशर हवे होते. अलीमियाँनी लिहिलं, की ईश्वरकृपेने आम्ही सर्व कुशल असून आपण, आपले कुटुंबीय आणि आपल्या कारखान्यातली समस्त मंडळीही तशीच असावीत. मग खाडीवरच्या हवेचं वर्णन आलं, शेठ हजला जाऊन आले ते आलं, पंपाच्या मजबुतीची तारीफ आली. वॉशर तिसऱ्या पानाच्या तळाशी होते, तेही ‘आपणास फार तसदी पडणार नसेल तर’ अशा बेताने. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. ‘पत्राबद्दल आभार. आपल्याला नेमके काय हवे आहे, ते कृपया कळवावे.’

अलीमियाँना वाईट वाटलं ते वॉशरचं नव्हे. साहेबाने उलट खैरियत विचारली नव्हती. त्याच्या घरी काहीतरी बिनसलं असणार असं धरून त्यांनी पुढचं पत्र चार पानी धाडलं आणि इकडे पंप बंद पडून कोरड्या पडलेल्या बागांचे मालक पेढीवर येऊन बोंबलत राहिले.

अशा माणसाला स्वतःसाठी एक गोष्ट मागायची होती.

त्यांची बायको मैमुनाबी साखरतरला एकटी होती. मूलबाळ नव्हतं. सासू होती तोवर तिच्यासाठी ती थांबली. सासू जाऊन आता तीन वर्षं झाली होती. दुबईला यायचं म्हणून पासपोर्ट काढून तिने ट्रंकेत ठेवला होता, आणि दोन वर्षांनी एकदा दोन महिने घरी येणाऱ्या नवऱ्याच्या जिवावर ती दिवस काढत होती. तिला इथे आणायला मालकाच्या सहीचा कागद लागे. दुबईत तेव्हा इंग्रजांची कचेरी होती, तिथे तो दाखवला, की परवाना मिळे. आणि मालक तर रोज अलीमियाँपासून दहा हातांवर बसत.

पण मालकासमोर उभं राहून बायकोची गोष्ट तोंडाने काढायची? अलीमियाँच्या मते तिथे अदब संपत होती. म्हणून त्यांनी अर्ज केला. अर्ज म्हणजे इंग्रजीतच हवा, म्हणून इंग्रजीत केला. शेठला इंग्रजी वाचता येत नसे. मग तो वाचून कोण दाखवणार? अर्थात अलीमियाँच.

शेठने तरुणपणी मुंबईत बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे दोघांचं बोलणं हिंदुस्तानीत चाले. अलीमियाँ उभे राहिले आणि एकेक वाक्याचा अर्थ सांगत वाचू लागले. पहिलं पान शेठच्या औदार्याचं होतं. दुसरं पान शेठच्या मरहूम वडिलांच्या औदार्याचं. शेठचे डोळे मिटले, मान डोलू लागली. दुसऱ्या पानाच्या शेवटी त्यांनी डोळे पुसले.

“माशाल्ला! क्या लिखता है! इसको फाइल में रखो, अलीमियाँ. यल्ला, नमाज़ का टाइम हुआ.”

तिसरं पान हातातच राहिलं. अलीमियाँनी अर्ज व्यवस्थित फाइलला लावला, कारण फायलिंगही त्यांच्याकडेच होतं. पुढच्या वर्षी दुसरा अर्ज केला, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. दर वेळी औदार्य वाढत गेलं आणि दर वेळी नमाजाची वेळ झाली. मैमुनाबीला ते कळवत, की अर्ज शेठपुढे आहे, इन्शाल्ला लवकरच होईल. यात खोटं काहीच नव्हतं, हेच तर वाईट.

त्या हिवाळ्यात पेढीवर हमीद काझी रुजू झाला. दापोलीकडचा, तिशी ओलांडलेला, मुंबईच्या एका एक्स्पोर्ट कंपनीत सात वर्षं घासलेला. पहिल्याच दिवशी त्याने वॉशरची फाइल काढली आणि दुपारपर्यंत वाचत बसला. मग उठून अलीमियाँच्या टेबलाशी आला.

“अलीमियाँभाई, एक सिंपल क्वेश्चन विचारू? हे लेटर वाचून समोरच्या माणसाने करायचंय काय?”

“करायचंय काय म्हणजे? वाचायचं.”

“वाचून पुढे? ॲक्शन काय? जे पाहिजे ते पहिल्या लाइनीत टाका. किती नग, कुठली साइज, कुठल्या बोटीने. खलास.”

“आणि सलाम?”

“बोटीवर वॉशर चढवायचेत भाई, सलाम नाही.”

हमीदने चार ओळींचं पत्र टाइप केलं. महिन्याभरात वॉशर आले आणि वर साहेबाची चिठ्ठी, की आपल्या स्पष्ट पत्राबद्दल विशेष आभार. ते ‘विशेष’ अलीमियाँच्या वर्मी लागलं. आठवडाभर ते हमीदशी कामापुरतंच बोलले. “हे काय पत्र आहे?” ते चहावाल्याला सांगत. “कुणाच्या दारात उभं राहून ओरडलं, तसं झालं हे!” चहावाला मलबारी होता. त्याला यातलं काही समजलं नाही, तरी त्याने मान हलवली, आणि अलीमियाँना तेवढ्यानेही बरं वाटलं.

आणि मग मैमुनाबीचं पत्र आलं. तिचं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं, त्यामुळे रीतीभातीचं वळण तिच्या हाताला फारसं लागलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, ‘माझा भाऊ मोहिद्दीन शिलाईच्या कामाला दुबईला निघालाय. बकरीदनंतरच्या दुसऱ्या बोटीने. मी त्याच्याबरोबर येऊ का नको? एवढंच लिहा. नको असेल तर मी परत विचारणार नाही.’

अलीमियाँ भर दुपारी उठून खाडीवर जाऊन उभे राहिले. ते घाबरले होते. मैमुनाबी रागावली, रडली, तर तिची समजूत कशी काढायची हे त्यांना ठाऊक होतं, पण ‘परत विचारणार नाही’ म्हटल्यावर ती खरंच विचारणार नव्हती. ती तशीच होती. पुढची सगळी वर्षं आपण असेच एका खोलीत आणि ती तिकडे एका घरात, हे त्यांना अगदी समोर दिसलं.

परत येऊन त्यांनी चौथा अर्ज लिहायला घेतला. या वेळी शेठच्या आजोबांपासून सुरुवात केली.

ते दुसऱ्या पानावर असताना हमीद मागे येऊन उभा राहिला. “भाई, हे वाचून शेठने काय करायचंय?”

अलीमियाँ चिडलेच. “सही!”

“कशावर?”

“कागदावर.”

“कसला कागद?”

अलीमियाँनी पेन खाली ठेवलं. मग खाली बघून म्हणाले, “मैमुनाबीचा. माझी बायको आहे. तिला इथे आणायचंय.”

अकरा वर्षांत त्या पेढीत हे नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं. हमीदचा टवाळीचा सूर कुठल्या कुठे गेला. त्याने मागच्या तीन अर्जांबद्दल विचारलं, फाइल काढून ते बघितले आणि कपाळाला हात लावला.

“भाई, आता अर्ज बिलकुल नको. शेठने जो कागद द्यायचाय, तोच मी टाइप करतो. सहीपुरती जागा ठेवू. आणि तुम्ही शेठला फक्त एक वाक्य बोला.”

“एक?”

“एक.”

त्या एका वाक्यासाठी अलीमियाँनी पाऊण दिवस घेतला. आजोबा खोडले. वडिलांचं औदार्य खोडताना त्यांचा हात अडला, पण तेही खोडलं. स्वतःची अकरा वर्षांची चाकरी खोडताना मात्र त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. “एक ‘मेहरबानी करके’ राहू दे रे,” ते शेवटी म्हणाले. हमीदने ते राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेठपुढे उभे राहिले. हातात कागद बघून शेठ खुशीत आले. त्यांनी कहवा मागवला, तक्क्याला टेकले आणि ऐकायच्या तयारीने डोळे मिटले.

“शेठ, मेरी बीवी को यहाँ लाना है, मेहरबानी करके इस काग़ज़ पर सही कीजिए.”

शेठचे डोळे मिटलेलेच होते. ते वाट बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “आगे?”

“आगे कुछ नहीं, शेठ. खलास.”

शेठने डोळे उघडले. कागदाकडे बघितलं, अलीमियाँकडे बघितलं, आणि हळूहळू त्यांच्या ध्यानात येऊ लागलं. “वो तीन अर्ज... उसमें भी यही था?”

“तीसरे पन्ने पर था, शेठ.”

“हबीबी,” शेठ म्हणाले आणि त्यांचा आवाज उतरला, “मैं समझा, तू मुझे दुआ देता है.”

मग त्यांना रागच आला. एक बाई तीन वर्षं घरात एकटी बसली आणि मी इथे बसून माशाल्ला म्हणत राहिलो, हा गुनाह तू माझ्या डोक्यावर चढवलास, असं त्यांनी अलीमियाँना बरंच सुनावलं. सही मात्र बोलता बोलताच केली, आणि ती जरा जास्तच मोठी केली.

आठ दिवसांत परवाना मिळाला. टपाल निघायच्या दिवशी अलीमियाँनी तो पाकिटात घातला आणि सोबतच्या चिठ्ठीसाठी कोरा कागद पुढ्यात घेतला. हमीद त्या दिवशी माल उतरवायला धक्क्यावर गेला होता. टोकायला कुणीच नव्हतं. अलीमियाँनी लिहिलं, ‘ये.’ जरा विचार केला, खाली सही केली आणि पाकीट चिकटवून टाकलं. संध्याकाळी हमीदला सांगताना त्यांची छाती फुगली होती.

मोहिद्दीनच्या बोटीला अजून महिना होता. अलीमियाँनी खोलीला चुना लावला, स्टोव्ह घेतला, चटया बदलल्या. एका सकाळी ते पेढीवर बिलं जुळवत बसले असताना हमालाने दारात एक पत्र्याची ट्रंक आणून टेकवली. मागे काळ्या बुरख्यातली एक बाई होती. तिने चेहऱ्यावरचा पडदा वर केला आणि अलीमियाँना डोक्यापासून पायापर्यंत नीट बघितलं.

“तुम्ही बरे आहात ना?”

“मैमुना? तू... मी बराच आहे. मला काय धाड भरलीय? पण तू अशी अचानक... मोहिद्दीन कुठाय?”

“तो येईल त्याच्या बोटीने.” तिने मुठीतली चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे धरली. घामाने कागद पार मऊ झाला होता. “हे काय लिहिलंत? अकरा वर्षांत तुमचं पत्र चार पानांच्या खाली आलं नाही. सलाम नाही, खैरियत नाही, कुणाची विचारपूस नाही, नुसतं ‘ये’! मला वाटलं, तुमच्या हातात पेनसुद्धा धरवत नसेल. मोहिद्दीन म्हणाला, थोडे दिवस थांब. मी म्हटलं, तू थांब. किल्ली शेजारच्या बिलकीसकडे टाकली, मुंबई गाठली आणि मिळाली ती पहिली बोट धरली.”

ती याआधी रत्नागिरीच्या पलीकडे एकटी कधी गेली नव्हती. पेढीतली माणसं एकेक करून बाहेर सटकली. हमीद जाता जाता हमालालाही घेऊन गेला.

अलीमियाँनी बोलायला तोंड उघडलं. त्यांच्यापाशी शब्दांची कधी वाण नव्हती, पण आता त्यातला एकही उपयोगाचा निघेना. ते टेबलामागून उठून तिच्याजवळ आले. मग अगदी हळू म्हणाले, “मला इथे फार एकटं वाटायचं, मैमुना.”

एवढी वर्षं, एवढी पानं, पण हे त्यांनी तिला कधी लिहिलं नव्हतं, समासातसुद्धा नाही.

मैमुनाबी ट्रंकेवर बसली आणि बुरख्याच्या टोकात तोंड खुपसून रडू लागली. “मग हेच लिहायचं होतं ना,” ती म्हणाली. “तुम्ही लिहायचात, सगळं ठीक आहे. मला वाटायचं, ह्यांना मी नकोच आहे.”