मायची वीत

यंदाच्या पुस्तकांचा गठ्ठा सोडताना सुतळीचा तो कोंदट, तागाचा वास आला आणि सोनाळ्याजवळच्या शाळेतली एक दुपार आठवली. तिसरीला लांबीचा पाठ चालला होता. मुलांनी आपापल्या वितीनं फळा मोजावा, प्रत्येकाचं उत्तर वेगळं यावं आणि मग पट्टी कशाला लागते ते त्यांना आपसूक कळावं, अशी पुस्तकाची योजना. बाहेर तुरीला फुलं आली होती, उन्हात पत्रे कडकड वाजत होते, आणि पोरं बोटं ताणताणून फळ्याला भिडली होती. एका मुलीनं मात्र खिशातून सुतळीचा तुकडा काढला आणि तोच लावत गेली. "काऊन वं, हातानं नाही मोजत?" मी विचारलं. "हे माह्या मायची वीत हाये, सर. मका टोबाले, दोन दाण्यांत वीतभर अंतर ठेवाले माहा हात लहान पडे, मून तिनं कापून देली होती." तिची आई त्याच पावसाळ्यात साप चावून गेली होती. वर्गात कोणी हसलं नाही. पाठ पुढे न्यायचा म्हणून मी पट्ट्या वाटल्या, सगळ्यांची उत्तरं सारखी आली. तिनं पट्टीशेजारी सुतळी ठेवली, सुतळीवर आपला पंजा ताणला आणि हळूच विचारलं, "सर, माहा हात एवढा कधी होईन?" आज या पुस्तकांसोबत आलेल्या अभिप्रायाच्या कागदावर विचारलंय, या पाठाचा हेतू साध्य होतो का. होतो, असं लिहिलं. वर्गाला त्या दुपारी कळलं. तिला मात्र पावसाळ्यातच कळून चुकलं होतं, की एकाची वीत दुसऱ्याला येत नाही.