जीपमधलं कार्ड

आमच्या तालुक्यात गोदामाचा पत्ता कधी चुकत नाही. फोनला विचारा, गेट नंबरासकट सांगेल. पाड्याचा पत्ता विचारा, नुसता हिरवा रंग दाखवेल. तिथे चुली पेटतात, बाळंतपणं होतात, माणसं मरतात. नकाशात मात्र हिरवं. यावर मी तीन पत्रकं लिहिली. ‘पाडा नकाशावर आणा’ ही घोषणा माझी. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते कुठल्या सरकारने केलेलं नाही.

आमच्या संघटनेची एक जुनी फोर बाय फोर जीप आहे. पत्र्याचा डॅशबोर्ड, कार्ड घातलं की वाजणारा टेप, टपावर भोंगा. ती काका चालवायचे. काका दिघाशीच्या पुढच्या डोंगरातल्या पाड्याचे. पेशंट आणायला, रेशनच्या तक्रारी गोळा करायला आम्ही जायचो ते त्यांच्या भरवशावर. नाल्यात गाडी कुठे उतरवायची, कोणता बांध चाकाखाली टिकतो, नवं गोदाम उठलं की कुठून वळसा, सगळं त्यांच्या डोक्यात. मी कधी विचारून घेतलं नाही. बाजूला बसून पत्रकाचा मजकूर लिहायचे.

“बाय, वर बघ जरा,” ते म्हणायचे. “कागदात वाट न्हाय.”

गेल्या हिवाळ्यात ते आजारी पडले आणि महिन्याभरात गेले. ते दवाखान्यात होते तेव्हा आमचा मोर्चा तोंडावर होता, मी छापखान्यात. मोर्चा झाला की जाऊ भेटायला, म्हटलं. मोर्चा झाला. त्याच दिवशी ते गेले.

मग जीप माझ्याकडे आली. दुसऱ्याच फेरीत रस्ता चुकले आणि तापाने फणफणलेल्या एका बाईला दोन तास गाडीत फिरवत राहिले. ठरवलं, बस झालं. नेव्हिगेशनवाली स्क्रीन बसवायची.

निजामपुऱ्यात पॉवरलूमच्या गल्लीत गाड्यांच्या टेप-स्क्रीनचं एक दुकान आहे. लूमच्या खडखडाटात दुकानदाराशी ओरडूनच बोलावं लागतं.

“दीदी, ये गाडी है या म्यूज़ियम?” तो म्हणाला. “इसमें स्क्रीन? दादी को गॉगल पहनाने जैसा है.”

“पहनाओ. और दादी को रास्ता भी दिखना चाहिए.”

त्याने ग्राइंडरने डॅशबोर्डचा पत्रा कापला, काकांचा टेप उचकटून काढला, टपावर अँटेना चिकटवला, वायरी जोडल्या. स्क्रीन लागली तेव्हा खरं सांगते, छाती फुगली माझी. डोंगरात रेंज नसते, म्हणून सगळा नकाशा कार्डात भरून घ्यायचा होता. टेपमधलं कार्ड त्याने नव्या स्क्रीनला लावून पाहिलं.

“इसी में डाल दूँ? कुछ रेकॉर्डिंग है इसमें. सुन लो एक बार.”

मी स्क्रीनवर पाहिलं. वीस-बावीस फायली. नावं नाहीत, नुसते आकडे. आमच्याकडे एक शिस्त आहे: मोर्चा झाला की कार्ड पुसायचं. नाहीतर पुढच्या वेळी भोंग्यातून शिळी घोषणा बाहेर पडते आणि लोक हसतात. भोंग्याच्या मशीनवर बोलून या कार्डात घोषणा भरायचं काम काकांचंच असायचं. म्हणजे या कुठल्यातरी जुन्या मोर्च्याच्या, पुसायच्या राहिलेल्या घोषणा, मी धरून चालले.

“पुराना माल है,” मी म्हटलं. स्क्रीनने विचारलं, सर्व पुसायचं का? ‘हो’वर बोट मीच ठेवलं.

आठवड्याने पडघ्याच्या बाजारात काकी भेटल्या, काकांची बायको. पाटी रिकामी करून परत निघाल्या होत्या. म्हटलं, चला, सोडते. खरं तर स्क्रीन दाखवायची होती. पाड्याचं नाव नकाशात नव्हतंच, म्हणून जवळच्या गावाचं टाकलं. स्क्रीनमधली बाई बोलू लागली, काकी कौतुकाने बघत राहिल्या. डांबर संपलं, मुरूम संपला, आणि एका नव्या गोदामाच्या भिंतीपुढे ती बाई म्हणाली, तुम्ही पोहोचला आहात.

“काकी, आता कुठून?”

“मला पायवाट म्हाईत. गाडीची न्हाय.” मग हसल्या. “त्यांना लाव की.”

“कोणाला?”

“आमच्या म्हाताऱ्याला. बोलून ठेवलंय ना त्यांनी. एकेका पाड्याची वाट, गाडी चालवत चालवत. भोंग्याच्या मशीनवर. बाय चुकंल म्हनाले, तिला वाटा ठावं न्हाईत. तुला सांगाया दवाखान्यात वाट बघत व्हते.”

मी इंजिन बंद केलं. सांगितलं. सगळं सांगितलं, पत्रकात लिहिते तशी गोल वाक्यं जमेनात.

काकींनी स्क्रीनकडे बोट केलं.

“समदं गेलं?”

“सगळं.”

“आमच्या पाड्याचं बी?” मग हळूच, पदर सारखा करत, म्हणाल्या, “त्यात माझं नाव घेतलंवतं त्यांनी. हितनं वळलं का हिचं घर, असं. लगीन झाल्यापासनं नाव घेतलं नव्हतं. ‘अगं’ नायतर ‘ऐकलं का’. मी मागं बसलेली, लय हसले. म्हनलं, लाज न्हाय का? तर म्हनाले, मशीनला नाव सांगावं लागतं.”

त्या उतरल्या, पाटी डोक्यावर घेतली. मी मागे निघाले तर हाताने थांबवलं. “गाडी सोडू नको. हितं डिझल काढत्यात.” भिंतीच्या कडेने गेल्या आणि दिसेनाशा झाल्या.

कार्ड घेऊन मी निजामपुऱ्यात परत गेले. दुकानदाराने लॅपटॉपवर तासभर खटपट केली. या खेपेला त्याने विनोद केला नाही. “नहीं दीदी. मैप उसी जगह पे बैठ गया है.”

त्याचा काय दोष? त्याने ऐका म्हटलं होतं. ज्यांचा आवाज कोणी ऐकत नाही त्यांच्यासाठी म्हणून मी ओरडत फिरते, आणि माझ्यासाठी ठेवलेला आवाज मी अर्धं मिनिटही ऐकला नाही.

आता गोदामापाशी जीप उभी करते, कोणी पाड्यावरचं भेटलं तर बाजूला बसवून वाट विचारते. वहीत लिहून घेते. तीन पाडे झाले. काकी भेटतात, चहा देतात, त्या विषयावर बोलत नाहीत.

त्यांचं नाव मला पाठ आहे. रेशनच्या अर्जांवर मीच लिहिलंय, कितीदा तरी. काकांनी ते कसं उच्चारलं असेल, हे फक्त काकींना माहीत आहे. त्यांनीही ते एकदाच ऐकलेलं.