रूपाचा रंग

अमळनेरचा चांदभाई फोटोग्राफर डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्यातल्या हिस्टोग्रामवर जास्त भरवसा ठेवायचा. फोटोतला उजेड दाखवणारा तो डोंगरासारखा आलेख बघितल्याशिवाय पुढचा फोटो नाही. "घरी जरीनाभाभीचा मूडही त्यातच बघता का?" असं मी विचारलं, की माझ्या नावाने शिवी ठरलेली.

रूपाच्या लग्नात मात्र तो चुकला, तेही जाणूनबुजून. नवऱ्याची आत्या कानाशी लागली, "भाऊ, नवरी गोरी दिसू द्या. काळ्या नवरीचा अल्बम दाखवायचा कोणाला?" आपल्याकडे हे प्रत्येक मांडवात सांगतात. चांदभाईने उजेड वाढवला. आलेखाचा डोंगर उजव्या कडेवर आदळला, म्हणजे चेहऱ्याचा रंग कायमचा गेला, हे त्याला दिसत होतं. आत्या खूश झाली.

आठ महिन्यांत रूपा काविळीने गेली. भिंतीवर लावायला लग्नातल्याशिवाय दुसरा फोटोच नव्हता, म्हणून तिची आई झुंबरबाई चांदभाईकडे आली. त्याने दुपारभर कॉम्प्युटरवर खटपट केली. चेहरा राखाडी झाला, सावळा काही होईना.

"भाऊ, हाई मनी रूपा नही शे," झुंबरबाई म्हणाली. "मनी पोर काळी व्हती. काळीच दे माले."

शेवटी एका फोटोत मांडवाच्या सावलीत राहिलेला रूपाचा हात सापडला. तेवढाच खऱ्या रंगाचा. आईने तो लगेच ओळखला.

आता तिच्या भिंतीवर हार घातलेला तो हात आहे. चेहरा कुठे, असं कोणी विचारलं, तर ती शांतपणे सांगते, "तो लग्नमाच पुसाई गया."